प्रत्येक हातानंतर वाळू दे

वसंतराव शिरवळकर सगळ्या उज्जैनशी मराठीत बोलत. फ्रीगंजच्या भाजीवाल्याशी मराठीत, ऑटोवाल्याशी मराठीत, सिलिंडर आणणाऱ्याशीही मराठीत. भाजीवाला बिचारा 'कोथिंबीर' ऐकून अंदाजाने पालक द्यायचा. वसंतराव तो पालक घेऊन घरी यायचे आणि सांगायचे, की आपण नेट धरला तर माणसं शिकतात. अख्ख्या गावात एकच माणूस असं होतं, की ज्याच्याशी ते न चुकता हिंदीत बोलत. ते माणूस म्हणजे त्यांची सून, पूजा.

आता गंमत बघा. त्या घरात मराठीची खरी भूक कोणाला असेल, तर ती पूजालाच. मुलगा पराग बँकेत दिवसभर हिंदी बोलून यायचा आणि घरी आल्यावर बोलायचाच नाही. नात सायली पंधरा वर्षांची. तिची मराठी 'आजी, मी जाऊन राहिली आहे' इथे सुरू होऊन तिथेच संपायची. सासूबाई सुमनताईंचं बोलणं म्हणजे अस्सल उज्जैनी खिचडी, डाळ कुठली आणि तांदूळ कुठला ते त्यांनाही माहीत नसे. आणि देवासच्या हिंदी घरातून आलेली, हिंदीत एम.ए. झालेली ही पूजा मात्र लग्न होऊन आली तेव्हा नव्या नवलाईत मराठी शब्द घोकत बसायची. राम घाटावर सगळे पहिल्यांदा दर्शनाला गेले, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, पायाला रेत लागली." वसंतरावांनी तिथल्या तिथे थांबवलं. "रेत नाही. आपल्यात वाळू म्हणतात. वाळू." तिने तो शब्द घाटावरून घरापर्यंत पुटपुटत आणला होता. पुन्हा म्हणून 'रेत' तिच्या तोंडून निघाली नाही.

मग माशी शिंकली ती त्याच वर्षीच्या गणपतीत. मराठी समाजाच्या सभागृहात नव्या सुनेला दोन शब्द बोलायला उभं केलं. पूजाने भाषण पाठ केलं होतं. वसंतराव तेव्हा समाजाचे चिटणीस, पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीच्या कुडत्यात. पूजाने त्यांच्याकडे आदराने पाहिलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "माझे सासरे मराठी भाषेची फार चेष्टा करतात."

हिंदीत चेष्टा म्हणजे धडपड, खटाटोप. मराठीत काय, ते सांगायला नको. सभागृह इतकं हसलं, की गणपतीपुढची समई हलली म्हणतात. घरी आल्यावर वसंतराव रागावले नाहीत. रागावले असते तर फार बरं झालं असतं. ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बहू, आप हिन्दी में ही बोला कीजिए. तकलीफ़ मत उठाइए."

त्या 'आप'नेच घात केला. घरात सुमनताईंना 'तुला मेलं काही कळत नाही', परागला 'गाढवा', सायलीला 'अगं कार्टे' आणि पूजाला 'आप'. तिने विचारावं, "बाबा, भात वाढू?" त्यांनी म्हणावं, "नहीं बहू, बस." बाहेरच्यांना वाटायचं, वा, सुनेला किती मान! पूजाला तो मान पाहुण्यांच्या चादरीसारखा नकोसा झाला होता. सोळा वर्षं झाली. आता तिला मराठी सगळी कळायची, बरीच बोलताही यायची. तिला फक्त एक हवं होतं. या माणसाने एकदा तरी आपल्याला 'अगं' म्हणावं. मग शिव्या दिल्या तरी चालेल.

तर आता बाणांकडे येऊ.

सायली तिरंदाजी करायची. बांबूचं धनुष्य आणि लाकडी बाण, असा तो प्रकार. गेल्या पावसाळ्यात स्पर्धेच्या दिवशी हवा दमट होती, बाणांच्या काड्या ओल धरून वाकल्या, आणि सायलीचा एक बाण शेजारच्या मुलीच्या लक्ष्यात जाऊन बसला. त्या मुलीला त्याचे गुण मिळाले नाहीत आणि सायलीलाही नाहीत, फक्त हसं झालं. म्हणून यंदा मालवीय सरांनी, म्हणजे तिच्या प्रशिक्षकांनी, नव्या कोऱ्या काड्या दिल्या. पिसं नाहीत, टोकं नाहीत, नुसती लाकडी दांडी. "पहले इन पर क्लियर वार्निश चढ़वा लो. पंख और नोक मैं बाद में लगा दूँगा." मार्चमध्ये निवड चाचणी होती.

वसंतरावांनी काम अंगावर घेतलं. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी घरातली दारं, खिडक्या, पाट, देव्हारा, सगळं चकचकीत करून ठेवलं होतं. आता वार्निश लावायला घरात काही उरलं नव्हतं. अर्थात ते 'वार्निश' म्हणत नसत. इंग्रजी शब्द. ते 'रोगण' म्हणत. तो शब्द फारसीतून आलेला आहे, हे त्यांना सांगणार कोण?

"आयुष्यभर कोणते तीर मारले नाहीत," सुमनताई म्हणाल्या, "आता तिरांना पॉलिश करून राहिले."

"तीर नव्हे, बाण. पॉलिश नव्हे, रोगण."

"बरं बाई, रोगण. मला काय."

पण रोगणाचा डबा उघडायच्या आधीच इंदूरचं आमंत्रण आलं. मराठी भाषा दिनाचं व्याख्यान! मग काय विचारता, बाण राहिले बाजूला आणि भाषण सुरू झालं. आदल्या संध्याकाळी बाहेरच्या खोलीत येरझारा घालत तालीम चालली होती. पूजा आत पोळ्या लाटत होती.

"मित्रहो, मराठीची सुरुवात घरापासून करा! माझी सून हिंदी भाषक आहे. पण मी तिच्याशी मराठीतच बोलतो. मराठीतच!"

"कोणत्या सुनेशी?" सुमनताईंचा आवाज आला. "दुसरी आहे का कुठे?"

बाहेरच्या येरझारा थांबल्या. मग वसंतराव घसा खाकरून म्हणाले, "ते भाषण आहे."

"मग खोटं कशाला बोलून राहिले? तिथे कोणी उज्जैनचा उठला आणि म्हणाला, की शिरवळकर, मागच्या दिवाळीत तर आप-आप करत होता, तर?"

पूजाने पोळी तव्यावर टाकली, आणि ती करपली तरी तिला कळलं नाही.

सकाळी गाडी दारात उभी होती. वसंतराव शाल-बिल घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आले. थोडे घुटमळले. पोहण्याच्या आधी माणूस पाण्याकडे बघतो, तसं त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि उडी मारली.

"अगं पूजा."

पूजाच्या हातातलं लाटणं पोळपाटावरून घरंगळलं.

"आम्ही दोघं इंदूरला जातोय. बाणांना रोगण द्यायचं राहिलं आहे, तेवढं तू दे. गच्चीवर सगळं काढून ठेवलंय. चिंधीने पातळ लावायचं, तीन हात दे. आणि नीट ऐक, प्रत्येक हातानंतर वाळू दे. त्यात हयगय नको. कळलं?"

तीन हात कळले. रंगारी लोक हिंदीतही तसंच म्हणतात. चिंधी कळली, हयगयसुद्धा कळली. पण 'वाळू दे म्हणजे काय?' हा प्रश्न तिच्या अगदी ओठांवर आला. आला आणि तिने तो गिळून टाकला. तिला पुढचं सगळं डोळ्यांपुढे दिसत होतं. आपण विचारणार, त्यांचा चेहरा पडणार आणि मग तो मऊ आवाज: रहने दीजिए बहू, मैं आकर कर लूँगा. सोळा वर्षांनी आलेलं 'अगं' आल्या पावली परत जाणार. छे!

"कळलं, बाबा," ती म्हणाली.

खरं तर साऱ्या उज्जैनमधली मराठी माणसं 'सुकू दे' म्हणतात. ते म्हटलं असतं तर पूजाला झोपेत कळलं असतं. पण वसंतरावांना 'सुकणं' या चांगल्या मराठी शब्दालाही हिंदीचा वास यायचा. नाक इतकं तीक्ष्ण असलं की असंच होतं.

गाडी गेल्यावर पूजाने परागला बँकेत फोन लावला. "अहो, बाबा म्हणाले, प्रत्येक हातानंतर वाळू दे..."

"अगं, समोर कस्टमर आहे. बाबांनी सांगितलंय ना? मग तसंच कर. उगाच डोकं नको चालवू."

मग तिने मोबाईलला विचारलं. मोबाईल म्हणाला, 'रेत दो'. बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? तेच तर तिला राम घाटावर शिकवलं होतं.

वाळूला तोटा नव्हता. सिंहस्थ जवळ आला म्हणून शेजारचं घर पाडून लॉज बांधत होते, गल्लीत ढीग पडला होता. पूजाने पातेलंभर वाळू आणली. सासऱ्यांचं काम, सासऱ्यांनी 'अगं' म्हणून सांगितलेलं; तिने वाळू तीन पाण्यांनी धुतली, उन्हात पसरली, मैद्याच्या चाळणीने चाळली, आणि तरी समाधान होईना म्हणून जुन्या ओढणीतून गाळून घेतली. खाली राहिली ती पिठीसारखी मऊ वाळू. वाटीत भरल्यावर इतकी छान दिसली, की तिला वाटलं, बाबा खूश होतील.

गच्चीवर दोरीला चिमट्यांनी काड्या लटकवायची सोय वसंतरावांनी करून ठेवली होती. तिने एकेक काडी घेऊन चिंधीने रोगणाचा पातळ हात फिरवला. लाकडाची रेघ न् रेघ कशी उजळून वर आली! काम सुरेख चाललं होतं. आता वाळू द्यायची. पण द्यायची कशी? फोडणी देतात ती वरून. धुरी देतात ती खालून. तिने जरा विचार केला आणि वरून दिली. कोथिंबीर पेरावी तशी, दोन ओल्या काड्यांवर, सढळ हाताने.

दोन काड्यांच्या दोन रेवड्या झाल्या.

पूजा बघतच राहिली. वाळू जी चिकटली ती चिकटलीच. पुसायला गेली तर आणखी पसरली. हे नक्की काहीतरी चुकलंय. की असंच असतं? बाणाला पकड यावी म्हणून? नाही, नाही, असा बाण धनुष्यावरून सुटेल कसा? तिला रडूच कोसळलं. गच्चीवर, चिमट्यांच्या दोरीखाली, वाळूची वाटी मांडीवर घेऊन ती चांगली मोकळी रडली. बाण गेले याचं दुःख होतंच. पण त्याहून मोठं हे, की उद्यापासून पुन्हा 'आप'.

रडून झाल्यावर तिने तोंड धुतलं आणि बाकीच्या काड्या हाताळून पाहिल्या. एव्हाना त्यांचं रोगण वाळलं होतं. पण हाताला बारीक खरखर लागत होती. कुठे धूळ बसली होती, कुठे लाकडाचे तंतू फुलून उभे राहिले होते. आणि तिला एकदम देवासची मोरी आठवली. आई पितळेची भांडी घासायची, ती वाळू आणि राख घेऊन. हात्तिच्या! वाळू द्यायची म्हणजे वाळूचा हात द्यायचा! घासायचं! बाबांसारखा टापटिपीचा माणूस उगाच कशाला वाळू टाकायला सांगेल?

तिने ओल्या फडक्यावर चिमूटभर वाळू घेतली आणि हलक्या हाताने एक काडी घासली. पुसली. बोट फिरवलं आणि तिला हसूच आलं. खरखर गेली होती. मग तिने दुसरी घेतली, तिसरी घेतली. पुन्हा रोगणाचा हात, पुन्हा वाट बघणं, पुन्हा वाळू. जेवायची आठवण राहिली नाही. उन्हं उतरली तेव्हा दोरीवर ज्या काड्या लटकत होत्या, त्या बघून तिला स्वतःचाच हेवा वाटला. तेवढ्या त्या दोन रेवड्या तिने मागे, टाकीच्या आडोशाला लपवल्या.

पण वसंतराव म्हणजे निवृत्त हिशेबनीस. शाल, नारळ आणि टाळ्यांची धुंदी घेऊन आले ते चपला न काढता गच्चीवर गेले आणि त्यांनी काड्या मोजल्या.

"दोन कुठायत?"

पूजाने मुकाट्याने टाकीमागून दोन रेवड्या काढून दिल्या. वसंतरावांनी त्या हातात धरल्या. मग त्यांना ती वाटी दिसली, चाळणी दिसली, ओढणी दिसली. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"अगं, हे काय केलंस तू? वाळू घातलीस? अगं, बाण आहेत का बांधकाम? वाळू दे म्हणजे वाळत ठेव! वाळत! कपडे वाळत घालतेस ना रोज, तसं! अगं, इतकी वर्षं या घरात आहेस, एवढं साधं कळू नये तुला? अक्कल काय देवासलाच ठेवून आलीस? चांगल्या काड्यांची वाट लावलीस की गं! पोरीची चाचणी तोंडावर आलीय, आणि ही बाई बाणांना वाळू चारतेय!"

सुमनताई जिन्यात थबकल्या होत्या. परागही वर आला होता. दोघांना वाटलं, आता ही रडणार. पण पूजा रडत नव्हती. ती मान खाली घालून उभी होती आणि तिच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. अगं! तीन वेळा! अक्कल काढली, तीही मराठीत!

"आणि वर हसतेस?" वसंतराव कडाडले.

"बाबा," ती म्हणाली, "राम घाटावर तुम्हीच शिकवलं होतं. रेत नाही, वाळू."

"ती वाळू वेगळी! ते नाम, हे क्रियापद!" वसंतराव ओरडले खरे, पण आवाज जरा खाली आला. "आणि कळलं नव्हतं, तर विचारायला काय झालं होतं? तोंड नव्हतं?"

आता मात्र पूजाचं हसू गेलं.

"विचारलं असतं," ती म्हणाली, "तर तुम्ही हिंदीत सांगितलं असतं."

शेजारच्या लॉजवर मजूर सळया टाकत होते. वसंतरावांनी रेवड्या खाली ठेवल्या. काहीतरी करायचं म्हणून दोरीवरची एक काडी काढली आणि तिच्यावरून बोट फिरवलं. थांबले. परत फिरवलं. चष्मा कपाळावर चढवून काडी डोळ्यांजवळ नेली. त्यांनी जन्मभर लावलेल्या एकाही दाराला, एकाही पाटाला असा हात लागला नव्हता. दोन हातांच्या मध्ये घासावं लागतं, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. ते लावायचे आणि वाळू द्यायचे.

"हं," ते म्हणाले, आणि काडी परत चिमट्याला लावून खाली गेले. जाताना चपला काढून हातात घेतल्या.

"भाषण कसं झालं, ते विचारूच नकोस," सुमनताई पूजाच्या कानात म्हणाल्या. "माझी सून, माझी सून करून राहिले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवून दिली."

मालवीय सरांनी काड्या हातात घेतल्या तेव्हा सायलीबरोबर आजोबाही मैदानावर हजर होते. सरांनी एक काडी बोटांमध्ये फिरवली आणि शीळ घातली. "अरे वाह! घिसाई किसने की? लोग तो बस लगाते हैं और सुखा देते हैं. घिसता कोई नहीं."

सायलीने आजोबांकडे पाहिलं. वसंतरावांनी छाती जरा पुढे काढली.

"हमारी सून ने," ते म्हणाले. सोळा वर्षं जी हिंदीत 'बहू' होती, ती हिंदी बोलताना पहिल्यांदा 'सून' झाली. लगेच भानावर येऊन त्यांनी जोडलं, "मार्गदर्शन अर्थातच मेरा था."

चाचणीत सायली निवडली गेली. बाण तिने मारले, घासले पूजाने, आणि आठवडाभर समाजात सगळ्यांना ती हकीकत सांगितली वसंतरावांनी. सांगताना ते असं सांगत, की मराठी भाषेचं सामर्थ्य बघा, एका क्रियापदात सबंध कारागिरी भरलेली आहे. दोन रेवड्यांचा उल्लेख त्यात नसे. त्या सुमनताईंनी कुंडीतल्या मोगऱ्याच्या वेलाला आधार म्हणून खोचल्या होत्या.

मग मालवीय सरांनी बाकीच्या मुलींच्याही काड्या पाठवल्या. मोठा भारा होता. दुपारी गच्चीवर सतरंजी पसरून सासरा आणि सून समोरासमोर बसले. पूजा चिंधीने रोगण लावत होती, वसंतराव वाळलेल्या काड्या फडक्याने घासत होते. बोलणं फारसं नव्हतं. होतं ते असं: "अगं, इथे ओघळ राहिलाय बघ," आणि "एवढं थापू नकोस, थालीपीठ आहे का?" पूजाने हातातली काडी संपवली, अजून ओलीच होती, आणि ती दोरीला लावायला उठली.

वसंतरावांनी मान वर न करता हात पुढे केला.

"वाळू दे," ते म्हणाले.

पूजा काडी धरून तशीच थांबली. वाटी तिच्या पायाशी होती आणि ओली काडी हातात. दोन्ही अर्थ तिला आता चांगले ठाऊक होते. नेमका कोणता, तेवढं कळेना. आणि सोळा वर्षांत जे जमलं नव्हतं ते तिने केलं.

"म्हणजे काय, बाबा?"

वसंतरावांनी मान वर केली. क्षणभर तिच्याकडे पाहिलं. ओठ उघडले, आणि तिला वाटलं, आता आलंच ते 'बहू'.

"अगं, ती," ते म्हणाले. "वाटीतली."